डाव्या सीटवरचा ब्रेक

माझ्या भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवलं आणि तेही सगळं डाव्या सीटवर बसून. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा घाबरला, चुकला किंवा भलताच खूश होऊन सुटला, की तो दाबायचा. त्या ब्रेकची भाऊजींना इतकी सवय, की बसमध्ये बसले तरी उजवा पाय आपोआप पुढे जायचा आणि पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायचा, मागून कोण ढोसतंय म्हणून. मी शिंपी आहे, त्यांच्याच घरात राहतो आणि त्यांच्या पँटी मीच शिवतो. उजवा गुडघा नेहमी आधी विरतो.

ओरडायचे मात्र नाहीत. "क्लच, क्लच," एवढंच, तेही जप केल्यासारखं. त्यावरून विद्यार्थ्यांनी त्यांना क्लचसर नाव पाडलं. मीही त्यांच्याकडे थोडे दिवस शिकलो. एकदा गाडी बंद पाडून चौकात मध्येच उभा राहिलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुझा पाय शिलाई मशीनचा आहे. तू आपला कपडेच शिव." मी तो सल्ला लगेच मानला.

ताईलाही त्यांनीच शिकवलं. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. लायसन्स हातात आलं, पण त्यानंतर ताईने कधी गाडीला हात लावला नाही. मी एकदा विचारलं तर शेंगा सोलता सोलता म्हणाली, "अरे, मी चालवलीच कुठे? माझा पाय ब्रेककडे जाईपर्यंत ह्यांचा पोचलेला असायचा. गाडी थांबायची, पण मी थांबवलेली नसायची. असं शिकून काय करायचं?" तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच मला ते जास्त लागलं.

मग भाऊजींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: समोरचं दिसतंय, पण कडेचं चाललंय, डावीकडचं तर बरंचसं गेलंच आहे. गेलेलं परत येत नाही, आहे ते रोज थेंब घालून सांभाळायचं. गाडी चालवणं बंद आणि शिकवणंही बंद. भाऊजी दवाखान्यातून बाहेर आले आणि म्हणाले, "आत उजेड फार कमी ठेवतात." त्यानंतर कोणी विचारलं तर चष्म्याचा नंबर बदललाय असं सांगायचे. डाव्या हाताला ठेवलेला कप सांडला, की तो तिथे कोणी ठेवला याची चौकशी व्हायची. मला दिसत नाही, हे तीन शब्द त्यांच्या तोंडून घरात कोणीही ऐकले नाहीत.

ड्रायव्हिंग स्कूल त्यांनी आपल्याच एका जुन्या विद्यार्थिनीच्या हवाली केलं, गाडीसकट. ती हुशार आहे आणि बोलायला फटकळ आहे. मला आवडते.

त्याच सुमारास माझ्या भाचीला, म्हणजे त्यांच्या लेकीला, बाळ झालं. ती राहते डोंगराच्या उतारावरच्या कामगार वसाहतीत. बस खालीच सोडते, तिथून वर चढ आहे, आणि तो चढायचा म्हणजे ताईच्या गुडघ्यांची परीक्षा. बाळाकडे दर आठवड्याला जायचं तर दुसरा उपाय नव्हता. एका सकाळी ताई चहाच्या वेळी म्हणाली, "आपण गाडी घेऊ. मी चालवणार."

भाऊजींनी साखर विरघळून गेल्यावरही बराच वेळ चमचा फिरवला. मग म्हणाले, "घेऊ गाडी." दुसरं वाक्य त्यांना ऐकू आलं नसावं.

ताई उजळणीसाठी त्या विद्यार्थिनीकडे जायला लागली. थोड्या दिवसांनी ती बाई स्वतः घरी आली आणि भाऊजींना म्हणाली, "सर, मॅडमचा हात चांगला बसलाय. आता फक्त तुम्हाला शेजारी बसायला शिकवायचं राहिलं." मी हसलो. भाऊजी हसले नाहीत, तेव्हा मीही आवरतं घेतलं.

कोणती गाडी, यावर मात्र दोघांचं लगेच एकमत झालं. अगदी छोटी गाडी त्या चढावर पोट घासणार आणि मोठी आमच्या गल्लीत वळणार नाही. म्हणून कॉम्पॅक्ट एसयूव्ही. उंच, पण आखूड. वर बसलं की रस्ता दूरवर दिसतो आणि गुडघे न दुमडता आत शिरता येतं. प्रश्न उरला तो नवी की जुनी एवढाच. निदान मला तसं वाटत होतं.

आधी शोरूममध्ये गेलो. ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसली, सीट पुढे घेतली, आरसे आपल्या नजरेला लावले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिली. नव्या बाईला ब्लाउज बसतो की नाही हे मला आरशाशिवाय कळतं. तशी ती गाडी ताईला बसली होती. टाय लावलेला विक्रेता उत्साहाने सांगत होता: मागे घेताना कॅमेरा, जवळ काही आलं की शिट्टी, आणि चढावर थांबली तर गाडी मागे घसरत नाही.

"म्हणजे हाफ क्लच आता कोणी शिकणारच नाही," भाऊजी डाव्या सीटवरून म्हणाले. मग पायाशी चाचपून त्यांनी विचारलं, "इथे एक ब्रेक बसवून मिळेल का?"

विक्रेत्याला ती थट्टा वाटली. थट्टा नाही हे कळल्यावर तो अदबीने म्हणाला, "सर, बाहेरून बसवलात तर वॉरंटीला अडचण येईल. आम्ही तसं काही सुचवत नाही."

ताईने स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. उतरली आणि दार अगदी हळू लावलं. ताईला राग आला की ती दारं हळू लावते.

त्या दिवसापासून भाऊजी नव्या गाडीवर घसरले. शोरूमच्या फाटकाबाहेर पडली की ती जुनीच की. पहिला ओरखडा आला की जीव तळमळणार. एवढी बटणं कोणाला हवीत? यातलं एकही खोटं नव्हतं, आणि माझी चिडचिड त्यानेच होत होती. माणूस खरी कारणं पुढे करून आपलं दुसरंच घोडं दामटतो, तेव्हा त्याला पकडायचं कुठे?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधाचं दुकान आहे. दुकानदाराला आपली एसयूव्ही विकायची होती. मुलं दूर गेली, गाडी नुसती उभी. भाऊजी मला घेऊन बघायला गेले. एरवी ते अशी गाडी नजरेने बघत. या वेळी बोटांनी बघत होते. दाराचं रबर सोलून आतला जोड चाचपला. पायाखालची मॅट उचलून खालचा पत्रा हाताने पुसला आणि हात नाकाशी नेला. पुराचं पाणी शिरलेल्या गाडीचा वास जात नाही म्हणाले. ब्रेकच्या पॅडलवरचं रबर किती झिजलंय ते अंगठ्याने बघितलं आणि मीटरवरच्या आकड्याशी ताडून पाहिलं. फक्त दारांचा रंग एकसारखा आहे का, ते मला बघायला सांगितलं. "मागच्या डाव्या दाराचा जरा बघ," म्हणाले, "तू कापडवाला, तुला छटा कळतात." मला का विचारलं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी नीट बघितलं. रंग एकच होता.

"चांगली ठेवलीय," परत येताना भाऊजी म्हणाले. दोन पावलं गेल्यावर पुढे म्हणाले, "आणि वॉरंटीही संपलीय."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. नवी-जुनीचा वाद नव्हताच. जिच्यात पॅडल बसवलं तर विचारणारं कोणी नाही, अशी गाडी त्यांना हवी होती.

"भाऊजी, तुम्हाला गाडी घ्यायची आहे की ब्रेक?" मी म्हणालो. आवाज जरा चढलाच.

ते थांबले. "आणि तुझ्या बहिणीला काही झालं तर?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. इतके दिवस मी त्यांना हेकट समजत होतो. ते घाबरले होते. ज्या माणसाने नवशिक्यांच्या शेजारी जन्म काढला, त्याला रस्त्यावर काय काय होऊ शकतं ते सगळं माहीत होतं, आणि त्याच्याजवळ उपाय एकच होता: उजवा पाय.

ताईला हे सांगायची गरज पडली नाही. तिने शोरूममध्येच ओळखलं होतं. रात्रीच्या जेवणाला ती एवढंच म्हणाली, "पॅडल बसवलंत तर ती गाडी दारात उभी राहील. मी बसने जाईन आणि चढ पायी चढेन. मला एकदा तरी गाडी स्वतः थांबवायची आहे हो."

दोन दिवस गेले. मग भाऊजींनीच तोडगा काढला. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी एक दिवस मागून घ्यायची. ताई चालवणार, ते आपल्या नेहमीच्या जागी बसणार, आणि लेकीच्या घरापर्यंत जायचं. "वाटेत माझा पाय ब्रेकला लागला, तर आपल्या गाडीत पॅडल बसणार. नाही लागला, तर पुन्हा नाव काढणार नाही. नवी घ्या, जुनी घ्या, तुमची मर्जी." पंच म्हणून मागच्या सीटवर मी. माझी काही इच्छा आहे का, हे नेहमीप्रमाणे कोणी विचारलं नाही.

निघालो. मी दोन्ही सीटच्या फटीतून भाऊजींच्या बुटावर नजर ठेवून होतो. पहिल्या वळणाला बूट उचलला गेला आणि हवेतच थांबला. मोठ्या रस्त्यावर एक ट्रक पुढे घुसला. ताईने आधीच वेग कमी केलेला होता. बूट पुन्हा उचलला गेला आणि पुन्हा थांबला. त्यांनी सीटची कड घट्ट धरली होती. "क्लच" सुद्धा म्हणाले नाहीत. पैज जिंकावी म्हणून नव्हे, तर दिलेला शब्द पाळावा म्हणून तो माणूस स्वतःशी झगडत होता. मला त्यांचा राग येईनासा झाला.

डोंगराच्या पायथ्याशी एक बाजाराची गल्ली लागते. डाव्या बाजूला माल उतरवणाऱ्या गाड्या एकीला एक लागून उभ्या होत्या. ताई सावकाश चालली होती. भाऊजी समोर बघत होते. समोरचा रस्ता मोकळा होता, आणि पहिल्यांदाच त्यांची बोटं सीटवरून सैल झाली होती.

दोन गाड्यांच्या फटीतून आधी चाकं बाहेर आली. बाबागाडीची. ढकलणारी बाई अजून मागेच, दिसतही नव्हती.

ताईने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. माझं कपाळ पुढच्या सीटला जाऊन लागलं.

"का गं थांबलीस?" भाऊजी म्हणाले. "रस्ता तर मोकळा आहे."

बाबागाडी बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याशी होती, त्यांच्याच बाजूला, गाडीपासून हातभर अंतरावर. आत झोपलेल्या बाळाची टोपी मला मागून दिसत होती. मग बाबागाडी हळूहळू पुढे सरकली, बॉनेटच्या मध्यावर आली, आणि भाऊजींना दिसली.

बाईने ताईकडे बघून हात वर केला आणि ती पलीकडे गेली.

मी खाली बघितलं. बूट जमिनीवर सपाट टेकलेला होता, ब्रेकपासून चांगला लांब. मागचा कोणीतरी हॉर्न वाजवायला लागला. ताईने गाडी थोडी पुढे नेऊन कडेला घेतली.

"लागला का रे पाय?" भाऊजींनी मागे न वळता विचारलं.

"नाही."

"लागायला हवा होता."

भाऊजींनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. काचा स्वच्छच होत्या. मग दोन्ही पाय मागे घेऊन त्यांनी सीटखाली दुमडले.

"नवी घे तू," ते ताईला म्हणाले. "तुला आवडली होती ती. पॅडल नको."

"औषधवाल्यांची घेऊ," ताई म्हणाली. "तुम्ही हात लावून बघितलेली आहे ती. मला तेवढं पुरे." आरसा सरळ करत ती पुढे म्हणाली, "पॅडल नकोच."

तिने इंडिकेटर दिला. निघण्याआधी आरशात बघण्यासाठी मान वळवली, तेव्हा भाऊजी म्हणाले, "डावीकडचं नीट बघत जा." मग जप केल्यासारख्या त्याच आवाजात ते पुढे म्हणाले, "मला त्या बाजूचं दिसत नाही."

"बघते," ताई म्हणाली, आणि तिने गाडी चढाला लावली.