लुएलाच्या कमरेचं होल्स्टर

आमच्या टेक्सासमधल्या ड्राय फोर्क गावात व्हर्लिन टॅकेट चाळीस वर्षं घोड्यांची खोगिरं शिवत होता. घोडे कमी झाले तशी खोगिरंही कमी झाली. मग कपड्याआड पिस्तूल बाळगणाऱ्यांसाठी तो चामड्याची होल्स्टरं, म्हणजे कमरेला लावायची पिस्तुलाची म्यानं, करायला लागला. माझं केस कापायचं दुकान त्याच्या दुकानाला लागूनच, त्यामुळे झालेला सगळा तमाशा मी डोळ्यांनी पाहिलाय.

व्हर्लिन अंगाने काटकुळा. नवं होल्स्टर आधी स्वतःच्या कमरेला लावायचा, आरशासमोर ताठ उभा राहायचा आणि म्हणायचा, "झकास!" ताठ उभ्या काटकुळ्याला काय टोचणार?

मग एके दिवशी लुएला प्रुएट आली. ही बाई पियानोचे सूर लावून द्यायची. त्यासाठी एकटीच गाडी हाकत सत्तर-सत्तर मैलांवरच्या रँचवर जायची, म्हणून पिस्तूल जवळ ठेवायची. अंगाने भरभक्कम, आवाजाने त्याहून. व्हर्लिनने शिवलेलं होल्स्टर तिने काउंटरवर आपटलं.

"व्हर्लिन, हे माणसासाठी शिवलंस की खांबासाठी?"

"का? काय झालं?"

"गाडीत बसले की पिस्तुलाची मूठ बरगडीत घुसते. पियानोखाली वाकले की टोक मांडीत. काल पाद्रीबाईंच्या घरी अशी किंचाळले, की त्यांना वाटलं पियानोची तारच तुटली!"

"बाकी कुणाची तक्रार नाही, लुएला."

"बाकीचे पुरुष आहेत. मुकाट्याने सोसतात आणि घरी जाऊन बायकोवर खेकसतात."

आतल्या खोलीत व्हर्लिनची बायको नेओमा खो खो हसली. तिचं हसणं व्हर्लिनला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी त्याने सोफ्यावरच्या दोन उश्या कमरेभोवती बांधल्या, वर पट्टा आवळला, पट्ट्याआड होल्स्टर खोचलं आणि त्यात पिस्तुलाच्या आकाराचा निळा प्लास्टिकचा ठोकळा घातला. वर ढगळा शर्ट. त्याच अवतारात तो गावभर हिंडायला लागला. खानावळीतली पोरगी म्हणाली, "अभिनंदन, काका! कितवा महिना?" माझ्याकडे केस कापायला बसला, तर दर दोन मिनिटांनी "आई गं!" करून उडायचा. कानाची पाळी थोडक्यात वाचली. पण प्रत्येक वेळी खिशातली वही काढून कुठे टोचलं ते लिहून घ्यायचा.

रविवारी चर्चमध्ये भजनासाठी सगळे उभे राहिले आणि त्याच्या उश्या सटकल्या.

"वर ओढ, मेल्या, लोक बघताहेत!" नेओमा कुजबुजली.

"ओढतोय गं! पण ठोकळा मागे सरकलाय!"

तेवढ्यात निळा ठोकळा खाडकन फरशीवर पडला. मागच्या बाकावरच्या तिघांनी पटकन आपापली कंबर चाचपली, आपलंच पिस्तूल पडलं की काय म्हणून. पाद्री महाराज भजनाची ओळ विसरले.

चार होल्स्टरं वाया गेली. पाचव्यात व्हर्लिनने कमरपट्ट्यात अडकवायच्या दोन वाद्या एकमेकींपासून लांब घेतल्या, म्हणजे भार एका जागी येणार नाही. मूठ जराशी पुढे कलती केली. मागच्या बाजूला चामडं वर वाढवलं, म्हणजे लोखंड अंगाला लागणार नाही, आणि टोकाशी मऊ गादी शिवली. मग ओलं चामडं ठोकळ्यावर दाबून दाबून वाळवलं.

लुएलाने ते कमरेला लावलं. खुर्चीत बसली, उठली, खाली वाकली, काउंटरखाली शिरली. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "हं." तिच्याकडून "हं" म्हणजे मोठंच बक्षीस.

तीन आठवड्यांनी तिच्या दाराशी शेरिफच्या माणसाची गाडी उभी. पिस्तूल चोरीला गेलं म्हणून लुएलानेच फोन केला होता. कपाटं उपसली, गाद्या उलट्या केल्या, शेजाऱ्याच्या कुत्र्यावरसुद्धा संशय घेऊन झाला. शेवटी ती पलंगाखाली बघायला वाकली आणि शर्ट वर सरकला.

"बाई," तो पोलीस हळूच म्हणाला, "हरवलेलं पिस्तूल काळं होतं ना? उजव्या कमरेला बघा जरा."

अर्ध्या तासात बातमी गावभर झाली. व्हर्लिनचे पाय जमिनीवर ठरेनात. दुकानात येईल त्याला हाच किस्सा सांगायचा, मला तर चौदा वेळा सांगितला. मग एका सकाळी लुएला तावातावाने आत शिरली.

"व्हर्लिन, माझी पार शोभा झाली! थोडंसं टोचेल असं काहीतरी कर याला."

व्हर्लिनचा चेहरा पडला. "काय वाटेल ते सांग, लुएला," तो म्हणाला, "पण ते मला जमायचं नाही."