खुनाच्या मालिकेत आमचं घर

माणसाच्या मनातली भीती चुटकीसरशी पळवून लावायची आणि तिच्या जागी तिच्याहून मोठा धक्का आणून बसवायचा, ही कला साधलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई गेल्या त्याला वर्ष होऊन गेलं. मूलबाळ नाही. त्यामुळे गुलमंडीतलं आपलं छोटंसं जनरल स्टोअर्स बंद करून साडू रोज संध्याकाळी आमच्याकडे जेवायला येतात. त्यांना जायला दुसरं घर नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि आम्हालाही, म्हणून त्याविषयी कुणी बोलत नाही. बोलणं होतं ते सगळं खुनांविषयी.

त्याचं असं झालं, की टीव्हीवरच्या एका रहस्यमालिकेच्या मंडळींनी शेंद्र्याच्या रस्त्याला एक बंगला भाड्यानं घेतला आणि सेटवर ऐन वेळी लागेल ती वस्तू आणून द्यायचं काम साडूंकडे आलं. तेव्हापासून ती मालिका बघणं हा आमच्या घरात जोखमीचा प्रकार होऊन बसला. पडद्यावर मध्यरात्र असते, वादळ सुटलेलं असतं, खिडकीबाहेर सावली हललेली असते, मी मांडीवरची उशी घट्ट धरलेली असते, आणि साडू पोळीचा तुकडा मोडत म्हणतात, "भरदुपारचं हाय हे. खिडक्यांना काळं कापड लावलंय. आत गरमीनं जीव चाललाय, अन् बाई थंडीनं कुडकुडतीय." पाऊस टँकरचा. वीज म्हणजे दिव्यापुढं पुठ्ठा हलवणारा एक इसम. नायिका ज्या अंधाऱ्या जिन्यावरून जीव मुठीत धरून चढत जाते, त्याला चारच पायऱ्या; वर माळासुद्धा नाही. बाई पुन्हा पुन्हा त्याच चार चढते. रक्त म्हणजे गुलाबाचं सरबत. त्याला मुंग्या लागतात. "प्रेत जवळून दाखवलं नाय, बघितलं का? सारखं खाजवत होतं," हे त्यांनी मला श्रीखंड वाढत असताना सांगितलं. मालिकेतला करारी इन्स्पेक्टर पालीला घाबरतो आणि पाल हुसकावल्याशिवाय कोठडीत पाऊल टाकत नाही, हे कळलं त्या दिवशी तर माझा कायद्यावरचा विश्वासच डळमळला. एकदा मी धीर करून विचारलं, "निदान खुनी कोण, ते तरी सांगा."

"ते खुन्यालाच माहीत नाय अजून," साडू म्हणाले. "तिघांना सांगून ठेवलंय, तयारीत राहा. बिचारे तिघंबी सेटवर एकमेकांना पाणी देऊन राहिलेत."

इथवर ठीक होतं. पण साडूंची काम करायची एक रीत आहे. ते बाजारातून काही आणत नाहीत. "नवी वस्तू कॅमेऱ्याला लगेच कळती. वापरातली लागती," असं त्यांचं म्हणणं, आणि वापरातली म्हणजे नातेवाइकांची. त्यामुळे मालिकेतल्या सासऱ्यानं विषाचा शेवटचा घोट घेतला तो आमच्या तांब्यातून. माझ्या वडिलांची काठी पोलिसांनी हत्यार म्हणून जप्त केली. माझी छत्री नाहीशी झाली तेव्हा मी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या सद्गृहस्थांशी बोलणं टाकलं होतं. ती छत्री पडद्यावर तोंड झाकलेल्या खुन्याच्या हातात दिसली. मी ताडकन उभा राहिलो.

"बसा, साडू," ते शांतपणे म्हणाले. "उद्या जामिनावर सुटती ती."

बायको या सगळ्याला हसायची. ताईंच्या मागे भाऊजी बोलतायत, दोन घास जास्त खातायत, एवढं तिला पुरे होतं. छत्रीचं दुःख मला एकट्यालाच.

मग एका संध्याकाळी चित्रीकरण लांबलं म्हणून साडू आले नाहीत आणि आम्ही दोघंच मालिका बघत होतो. श्रीमंत नायकाची पहिली बायको गूढ रीतीनं वारलेली. भिंतीवर तिचा फोटो, त्याला चंदनाचा हार, पुढं उदबत्ती. कॅमेरा हळूहळू फोटोच्या जवळ जात राहिला. फोटोत माझी बायको होती. माझ्या भाच्याच्या लग्नातली, निळ्या साडीतली. मी वळून पाहिलं, तर ती भाजीचं पातेलं हातात धरून तशीच उभी. मी पुन्हा टीव्हीकडे पाहिलं. अशा वेळी नवऱ्यानं काय बोलायचं असतं हे मला आजही माहीत नाही. मी म्हणालो, "फोटो चांगला आलाय."

तेवढ्यात गंगापूरहून सासूबाईंचा फोन आला. बायको "हॅलो आई" म्हणाली. पलीकडून शब्द आलाच नाही, नुसतं रडणं आलं. एक लेक गेलेल्या म्हाताऱ्या बाईनं दुसरीच्या फोटोला हार पाहिला होता. सकाळी कोपऱ्यावरचे फळवाले चाचाही हिला पाहून हातातली पपई खाली ठेवत म्हणाले, "भाभी, कल टीव्ही पे आपकू देखा. दिल बैठ गया मेरा."

बायको घरी आली ती एकच वाक्य बोलली. "आजपासून भाऊजींचं ताट मांडायचं नाही."

मला वाटलं, दुपारपर्यंत राग उतरेल. उतरला नाही. दुपारी मला बरोबर घेऊन ती गुलमंडीत गेली. दुकानामागच्या खोलीत साडू चहा गाळत होते.

"भाऊजी, मी मेलेय का?"

"नाय."

"मग माझ्या फोटोला हार कशाला? आईचं काय झालं असेल काल? तुम्हाला दुसरं कुणी सापडलं नाही?"

साडूंनी गाळणी बाजूला ठेवली. "डायरेक्टरनं माझ्या मोबाइलमधला तुझ्या ताईचा फोटो पाह्यला. म्हणला, हाच चेहरा पाहिजे. त्या तर गेल्याच हायेत, त्यांचाच द्या. मी मोठा करून आणला, फ्रेम केली, हार हातात घेतला. घालता येईना." तीन कप मांडत ते म्हणाले, "तुमचा दोघींचा चेहरा एक. तुझा नेला. तुला हार घातला तर तू भांडायला तरी येशील, असं वाटलं."

मी भिंतीकडे पाहिलं. नव्या फ्रेममध्ये ताई हसत होत्या. हार नव्हता.



"उद्या काढतो तुझा," साडू म्हणाले. "फक्त पुढच्या भागांतबी फोटो हाय, अन् चेहरा बदलता येत नाय. जुळणारा एकच हाय. हा." त्यांनी भिंतीकडे न बघताच हात केला. "घालीन हार. काम हाय ते."

बायकोनं पदरानं नाक पुसलं, तीनही कपांत चहा ओतला आणि म्हणाली, "राहू द्या माझाच. आणि जेवायला वेळेवर या, पोळ्या गार होतात."

आता मालिका सुरू व्हायच्या आधी ती स्वयंपाकघरातून गंगापूरला फोन लावते. "आई, नोकरी लागलीय मला तिथं. भिंतीवर नुसतं बसायचं," असं सांगते, आणि फोटो पडद्यावरून जाईपर्यंत काही ना काही बोलत राहते. साडू समोर बसलेले असतात. टँकर, पुठ्ठा, मुंग्या, सगळं सांगतात. फोटो आला की तेवढे गप्प होतात आणि बघत राहतात. ते कुणाकडे बघतायत, हे मी कधी विचारलं नाही. मला मात्र ते सगळं नाटक आहे हे पक्कं ठाऊक असूनही बसवत नाही. मी उठून स्वयंपाकघराच्या दारात जातो. फोन कानाला धरून ती भुवया उंचावते, काय पाहिजे म्हणून. काही नाही, अशी मी मान हलवतो, आणि तिथंच उभा राहतो.