चाचांची सहाची मॅच

संध्याकाळी साडेपाच वाजले की आमच्या मजल्यावर गरम इस्त्रीचा आणि पाणी शिंपडलेल्या सुती कापडाचा वास पसरायचा. समोरच्या घरातले गफूरचाचा शर्टाला इस्त्री करत असत. शर्ट चढवून, बूट बांधून, मनगटावर अत्तराचा थेंब लावून ते निघत. आणि पोहोचत ते बैठकीतल्या कॉम्प्युटरपर्यंतच. त्यांच्या फुटबॉल संघाची मॅच रोज सहाला असे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी हसले होते. "मॅनेजर काय लुंगी नेसून ग्राउंडवर जातो, बाय?" त्यांनी सुनावले.

त्या खेळात पळणारी माणसे दिसत नसत. अकरा खेळाडू निवडायचे, त्यांना जागा नेमून द्यायच्या आणि सहा वाजता हात काढून घ्यायचे. पुढचे सारे कॉम्प्युटर आपल्या अदृश्य फाशांनी ठरवी. पडद्यावर नुसत्या ओळी उमटत: त्रेपन्नावे मिनिट, फटका, खांबाला लागून बाहेर. कोपरखैरण्याच्या त्या दोन खोल्यांत दुपारभर पंख्याखेरीज कुणाचा आवाज नसे. सहाला मात्र चाचा त्या ओळी मोठ्याने वाचत. संघाचे नाव त्यांनी 'खाडीवाले' ठेवले होते. रायगडच्या किनाऱ्यावरचे त्यांचे खाडीकाठचे गाव त्या नावापुरतेच त्यांच्यापाशी उरले होते.

हरले की ते जाड वही उघडत. आपले फटके, त्यांचे फटके, निकाल. "सतरा आपले, दोन त्यांचे, आणि हरलो आपण. हा इन्साफ हाय?" त्यांचे आयुष्य जहाजांच्या इंजिनखोलीत गेले होते. "इंजिन बंद पडलं तर कारण असतं, बाय. नशीब नसतं. कान लावला की सापडतं."

ते कान नेमके कशाला लावून बसले आहेत, हे मला उशिरा कळले. जैनबचाचींना हृदयाच्या ऑपरेशनला नेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, शंभरातले पंचाण्णव घरी जातात. "मी सगळं बरोबर मांडलं होतं," चाचा एकदा चहा ओतताना म्हणाले. "डॉक्टर चांगला, रक्त तयार, पोरगी सोबतीला. मग दरवाजा बंद झाला, आणि मी बाहेर बाकड्यावर." चहा बशीबाहेर गेला, तो त्यांनी पुसला नाही. "पाचात तीच कशी गेली? कोनीतरी फासा फिरवला असंल ना?"

खेळातली लबाडी त्यांना पकडायची होती. एक फासा खोटा निघाला असता, तर दुसऱ्याचाही जाब कुणाला तरी विचारता आला असता.

मी कॉलेजात कविता शिकवते, म्हणून खेळाच्या कंपनीला तक्रार लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. "कडक लिही. कवितेसारखं गुळगुळीत नको." पुराव्यासाठी मी वही चाळू लागले. पाने उलटत गेले. वहीत विजय एकही नव्हता.

"जिंकलेल्या मॅच कुठे आहेत, चाचा?"

"त्या कशाला लिहायच्या? त्या आपन खेळून जिंकल्या."

मी पडद्यावरच्या जुन्या नोंदी उघडल्या. आम्ही शेजारी बसून वाचत गेलो. दोन फटके आपले, अकरा त्यांचे, जिंकलो. एक आपला, नऊ त्यांचे; जिंकलो. प्रत्येक ओळीवर चाचांचे बोट थांबे, मग हळूच खाली सरके. वहीत जितक्या नाहक हारी होत्या, जवळजवळ तितकेच नाहक विजय निघाले.

"म्हंजे कोनी काय केलं नाय."

"नाही, चाचा."

"मग मी भांडू कुनाशी?"

मी पडद्यावरच्या नोंदी बंद केल्या. त्या रिकाम्या घरात त्यांच्या सोबतीला एक न दिसणारा शत्रू होता. तोही मी हिरावून घेतला, असे वाटत राहिले. कित्येक दिवस इस्त्रीचा वास आला नाही. मग एका संध्याकाळी तो पुन्हा आला. दार उघडे होते. चाचा वही मागच्या बाजूने उघडून काही लिहीत होते. "ती तक्रार फाडून टाक," मान वर न करता ते म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात चाचा झोपेतच गेले. ऐरोलीहून आलेल्या त्यांच्या मुलीने, रेहानाने, घर आवरताना वही माझ्या हाती ठेवली. "अब्बा बोलले होते, समोरच्या बायला दे." कॉम्प्युटर ती घेऊन गेली. संघ मात्र कुठेच गेला नाही. मॅनेजर आला नाही, तर तो खेळ शेवटचे मांडलेले अकराजण रोज सहाला मैदानात उतरवतो. मी फोनवर पाहते. खाडीवाले हरतात, जिंकतात. मजल्यावर त्या वेळी कसलाच वास नसतो.

वही मागून उघडली की त्यांच्या तिरप्या अक्षरातले नाहक विजय लागतात, पानामागून पान. शेवटची नोंद कोणत्याच मॅचची नाही. तारखेच्या जागी लिहिले आहे: रेवसचा धक्का. आणि खाली:

"सकाळची लाँच चुकली. दुपारच्या लाँचमध्ये जैनब पहिल्यांदा दिसली. आपले फटके: एक पन नाय. निकाल: जिंकलो."