अठ्ठावन्न मिनिटांची मंगलाष्टके

माझी धाकटी बहीण यमू, तिच्या लग्नात मंगलाष्टके अठ्ठावन्न मिनिटे चालली. याला जबाबदार मी एकटाच.

बी. ए. होऊन मी मुंबईच्या कॉलेजात फेलो झालो होतो, म्हणजे प्रोफेसरसाहेबांच्या हाताखाली पहिल्या वर्गाला गणित शिकवीत होतो. लग्नाच्या आधल्याच आठवड्यात रेखांशावरून वेळ काढणे शिकवले होते. (फळ्यावर उत्तर बरोबर आले होते.) तेव्हा ठाण्याला आमच्या मांडवात जोशीबुवा पाण्यावर घटिकापात्र सोडू लागताच मी त्यांना अडवले. भोकाची वाटी बुडाली की मुहूर्त, हे फेलोला कसे पटावे? माझ्या खिशात स्टेशनावर लावून आणलेले घड्याळ होते. रेल्वेची वेळ मद्रासची; तिथपासून ठाणे सव्वासात अंश, अंशाला चार मिनिटे, म्हणजे एकोणतीस. गोरज मुहूर्त ठाण्याच्या सूर्याप्रमाणे सहा-वीसचा. त्यातून एकोणतीस वजा केली. घड्याळात पाच-एकावन्न झाले की लग्न!

मग काय धावपळ! कल्याणकर व्याह्यांपुढचा फराळ उचलला, नवऱ्या मुलाला एकाच बाजूच्या मुंडावळीनिशी उभे केले, यमूचे केस ओलेच. गोरज म्हणजे गुरे घरी परतण्याची वेळ, आणि रस्त्यावर एक गाय नाही, असे जोशीबुवा सुचवून पाहत होते. मी म्हणालो, गाईंना गणित येत नाही.

अंतरपाट धरला, पहिले मंगलाष्टक झाले, आणि पाहुण्यांत बसलेला माझा एक विद्यार्थी कानाशी आला.

"सर, मद्रास आपल्या पूर्वेला ना? मग तिथलं घड्याळ पुढे. एकोणतीस मिळवायची होती."

मिळवायची ती वजा केली, म्हणजे चूक दुप्पट!

जोशीबुवांनी शांतपणे सांगितले, "सव्वादोन घटका आहेत अजून." (घटकेला चोवीस मिनिटे; माझी नजर चुकवून घटिकापात्र माजघरात चालूच होते.) धरलेला अंतरपाट मुहूर्ताआधी खाली येत नाही, असे म्हणून त्याचे एक टोक त्यांनी माझ्या हाती दिले.

होती तेवढी मंगलाष्टके संपली. आत्याने रचलेली दोनदा झाली. विहीणबाईंनी भर संध्याकाळी भूपाळी म्हटली. माझ्या विद्यार्थ्यांनी कॉलेजातले पाठ श्लोक म्हटले, त्यात एक युद्धाचा निघाला.

"फेलोसाहेब," व्याही म्हणाले, "आमच्या कल्याणास लग्न लावायला बी. ए. लागत नाही."

माझे दंड थरथरू लागले. पाटावरून यमू पुटपुटली, "दादा, हात खाली घेतलास तर बघ."

घेतला नाही. आतली वाटी बुडाली, जोशीबुवा 'सावधान' म्हणाले, अक्षता पडल्या. संसार उत्तम झाला.

परवा यमूच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. सोबत निरोप: मामाशिवाय चालत नाही, म्हणून दादाने अवश्य यावे. कल्याणची कोणती गाडी धरायची ते मी लगेच काढले. बायकोने शेजारी जाऊन विचारून घेतले.