हँडओव्हरचा तास

आमच्या विद्यापीठाने त्या वर्षी ठरवलं की पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या अंगी काही ठरावीक गुण असलेच पाहिजेत. नीट बोलता येणं, इतरांबरोबर काम करणं, जबाबदारी घेणं, अडचणीतून वाट काढणं. या गुणांना 'ग्रॅज्युएट ॲट्रिब्यूट्स' म्हणायचं असं ठरलं आणि त्यांच्या मागोमाग 'एम्प्लॉयेबिलिटी' हा शब्द आला. नोकरी मिळवायची आणि टिकवायची तयारी, एवढाच त्याचा अर्थ. विभागप्रमुखांनी ते सगळे कागद माझ्या टेबलावर आणून ठेवले. विभागात याद्या करणारी बाई मीच. मायक्रोबायॉलॉजी शिकवायचे, शिवाय कपाटाच्या किल्ल्यांपासून परीक्षांच्या तारखांपर्यंत सगळं माझ्याकडे असायचं. नवऱ्याच्या हॉस्पिटलच्या नोकरीमागे पुण्याहून लंडनला आले, आधी लॅबमध्ये टेक्निशियन झाले, मग शिकवायला लागले. त्यामुळे ठरवलेलं काम करून टाकायचं, एवढंच मला कळत होतं.

मी ते केलं. बुधवारी दुपारी खोल्या रिकाम्या असतात म्हणून तेव्हाचा एक तास ठरवला, करिअर ऑफिसच्या माणसाला बोलावलं. खोल्या रिकाम्या का असतात याचा विचार केला नव्हता. बुधवारची दुपार इथे खेळाची. फार थोडे विद्यार्थी आले. जे आले त्यांतले निम्मे बाहेरच्या पावसाला कंटाळून आत शिरलेले होते.

तेवढ्यावर भागलं असतं, पण नोव्हेंबरात खरा दणका बसला. आमच्या बायोमेडिकलच्या मुलांना तिसरं वर्ष हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढावं लागायचं. ते झालं तरच पुढे लॅबमध्ये नोकरीचा रस्ता मोकळा. जवळच्या एका हॉस्पिटलची लॅब मॅनेजर दरवर्षी आमच्याकडची मुलं घ्यायची. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची बाई, बोलायला सडेतोड. त्या वर्षी तिने मुलाखती घेतल्या आणि एकालाही घेतलं नाही. नाकारलेल्यांत आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगीही होती. आम्ही राहतो त्या हॅरोतल्या मराठी मंडळातलीच ही मुलगी. वडील डॉक्टर, आई शाळेत कामाला. ट्यूब, ट्रेन, ट्रॅम असं करत रोज लंडनच्या दुसऱ्या टोकाला, क्रॉयडनला विद्यापीठात यायची.

मी मॅनेजरला फोन केला. ती म्हणाली, "मार्क मी पाहिलेत. पण वर्गाने काय केलं, तिच्या जोडीदाराने काय केलं, सरांनी काय सांगितलं, हेच ती मला सांगत राहिली. तिने स्वतः काय केलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. अशा मुलीच्या हातात मी रुग्णाचं सॅम्पल कसं देऊ?" ईस्टरच्या आधी ती पुन्हा मुलाखती घेणार होती. तेव्हाही हेच दिसलं तर सगळ्या जागा दुसऱ्या विद्यापीठाला द्यायच्या, असं तिने आधीच सांगून ठेवलं. म्हणजे या मुलांचं वर्ष तर जाणारच होतं, आणि हॉस्पिटल सुटलं की आमच्या कोर्सची मान्यताही लटकणार होती.

मुलीला खोलीत बोलावलं. इतरांसमोर ती मला डॉक्टर म्हणायची, दार लावलं की काकू.

"काकू, मला सगळा माहीत होता," ती म्हणाली. "पण 'मी केला, मी केला' असा कसा बोलायचा? घरी असा बोलला तर डॅडी नुसता बघतात."

ते बघणं मला ठाऊक होतं. मीही तशाच घरातली. मुलगी पहिली आली की पाहुण्यांना सांगायचं, पेपर सोपा होता. कुणी पोळ्यांचं कौतुक केलं की म्हणायचं, आज जरा वातडच झाल्यात. आपण आपल्याबद्दल बोललो की अंगावर काटा येतो. ही पोर लंडनमध्ये जन्मली, मराठी तिचं मोडकंतोडकं, पण हा काटा तिला अगदी अस्सल मिळाला होता. करिअर ऑफिसने तिला सल्ला दिला की स्वतःला विकायला शीक. तिने मन लावून सराव केला आणि आधीपेक्षा वाईट बोलू लागली. ऐकताना वाटायचं, वॉशिंग पावडरची जाहिरात चाललीय.

जानेवारीत मंडळाची संक्रांत होती. दरवर्षी आम्ही चर्चचा हॉल भाड्याने घ्यायचो आणि गुळपोळ्या तिथेच करायचो. सकाळची तुकडी वेगळी, दुपारची वेगळी. सकाळच्या तुकडीत ही मुलगी आणि तिची आई. मी दुपारची. आम्ही हात धुऊन उभ्या राहिलो तशी मुलीने एप्रन सोडला आणि माझ्याकडे वळून धडाधड सांगायला लागली. कणीक झाकून ठेवलीय. मोठ्या पातेल्यातला गूळ मी घट्ट मळला, माझ्या पहिल्या सगळ्या पोळ्या फुटल्या. मग मी दुधाचा हात लावून कणकेइतका मऊ केला, आता वरचा भाग चांगला आहे पण तळाचा अजून घट्टच आहे, तो वापरायच्या आधी मळून घ्या. डावीकडची शेगडी जास्त तापते. तवा प्रत्येक पोळीनंतर पुसा, गूळ जळतो.

सगळं मोडक्या मराठीत, अर्धं इंग्रजीत, पण एक गोष्ट सुटली नव्हती. चांगलं काय, बिघडलं काय, उरलं काय, सगळं त्यात आलं होतं.

तिची आई भांडी विसळत होती. मान न वळवता म्हणाली, "बाईसाहेब, मुलाखतीला काय तोंड शिवून गेला होतात?"

"मम्मी, ते वेगळा," मुलगी म्हणाली. "हे सांगायलाच लागतं. नाहीतर काकूंच्या पोळ्या फुटतील."

बायका हसल्या. मी लाटायला घेतलं, पण डोकं पोळ्यांत नव्हतं. चार मिनिटांपूर्वी हीच मुलगी 'मी केलं, मी बिघडवलं, मी सुधारलं' असं बोलून गेली होती आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. काम पुढच्याच्या हातात देताना सांगणं ही बढाई होत नाही, न सांगणं हा निष्काळजीपणा होतो. हॉस्पिटलमध्ये ड्यूटी बदलताना नर्सेस नेमकं हेच करतात, त्याला हँडओव्हर म्हणतात. माझा नवरा रोज हँडओव्हर देऊन घरी येतो. मुलांना बढाई मारायला शिकवायची गरजच नव्हती. त्यांना फक्त दुसऱ्याच्या हातात काम द्यायला लावायचं होतं.

सोमवारी सकाळी प्रॅक्टिकलचं वेळापत्रक मी नव्याने मांडलं. आधी प्रत्येक गट आपला प्रयोग सुरू करायचा आणि आपणच संपवायचा. आता सोमवारच्या गटाने जंतूंच्या बशा लावून इन्क्युबेटरच्या उबेत वाढायला ठेवायच्या आणि मंगळवारच्या गटाने त्या वाचायच्या, म्हणजे काय वाढलं ते बघून नोंदवायचं. मध्ये समोरासमोर हँडओव्हर. मी काय केलं, काय चुकलं, काय बाकी आहे. त्यावर मार्क.

विभागाच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक माझ्या बाजूलाच बसले होते. त्यांनी चष्मा काढला. "आपण विज्ञान शिकवतो. नोकरीचा क्लास चालवत नाही."

मी म्हटलं, "विज्ञानाचं एकही मिनिट कमी केलेलं नाही. उलट दुसऱ्याने लावलेली बशी वाचायची म्हणजे ती जास्त बारकाईने वाचावी लागते."

"आणि एकाच्या चुकीने दुसऱ्याचे मार्क गेले तर?"

"पहिल्याने चूक सांगितली नसेल तर पहिल्याचे जातील."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. एक टर्म करून बघा, म्हणाले. मला तेवढंच हवं होतं.

पहिला मंगळवार म्हणजे नुसता गोंधळ. हँडओव्हर देणारे 'सगळं ठीक आहे' म्हणून मोकळे झाले आणि घेणाऱ्यांना काहीच सापडेना. कुठली बशी कुणाची, कशावर किती थेंब टाकले, पत्ता नाही. आवाज चढले, दोघी जणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. मी मध्ये पडले नाही. पुढच्या आठवड्यात त्याच मुलांनी आपापल्या जोडीदाराला खुर्चीवर बसवून प्रश्न विचारले. तिसऱ्या आठवड्यापासून प्रश्न विचारावे लागेनात. जो मुलगा वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हता तो इन्क्युबेटरपाशी उभा राहून सांगत होता की मी घाईत लूप, म्हणजे जंतू उचलायची तापवलेली तार, पुरेशी थंड केली नाही, या बशीवर वाढ कमी दिसली तर दोष माझा आहे. मला त्या दिवशी टेबलावर चढून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

ईस्टर जवळ आला तेव्हा मी मॅनेजरला पुन्हा फोन केला. मुलाखतीची खोली देत नाही, म्हटलं. लॅबमध्ये या. मुलं तुम्हालाच हँडओव्हर देतील. ती म्हणाली, येते.

मंगळवारी ती पांढरा कोट चढवून बाकापाशी उभी राहिली. प्राध्यापकही मागे येऊन थांबले. दोन मुलांचं चांगलं झालं. मग आमची मुलगी पुढे आली. इंग्रजीत ती कधी अडखळत नाही, पण सुरुवातच तिने चुकीपासून केली.

"मी नावं झाकणांवर लिहिली. बशांच्या तळावर लिहायला हवी होती. आज सकाळी लवकर येऊन इन्क्युबेटरमधून काढताना दोन झाकणं निघाली. कुठलं कुठल्या बशीचं, हे मी खात्रीने सांगू शकत नाही."

ही पहिल्या वर्षाच्या मुलांनी करायची चूक. प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं.

"त्या दोन बशा मी बाजूला काढल्या," मुलगी पुढे म्हणाली. "मूळ नमुना फ्रिजमध्ये होता, त्यातून मी लगेच नव्या लावल्या. त्यांचा निकाल उद्या. आज तो कुणाला देऊ नका. बाकीच्यांची झाकणं जागेवरच होती, त्या वाचायला हरकत नाही."

मॅनेजरने बाजूच्या दोन बशा उचलून उजेडात धरल्या. "वाढ बघून ओळखता आलं असतं. ही जरा पिवळट आहे."

"आलं असतं. पण तो अंदाज झाला असता."

"नव्या लावायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी ठरवलं."

मॅनेजरने बशा खाली ठेवल्या. "झाकणावर लिहिणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "येऊन सांगणारे कमी पडतात. कधीपासून येशील?"

मुलीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी. मार्कर माझा मी आणीन, तळावर लिहायला."

मॅनेजर मोठ्याने हसली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिने आपल्या सगळ्या जागा आमच्या मुलांनी भरल्या आणि जाता जाता विचारलं की पुढच्या वर्षी आणखी दोघं मिळतील का. ती गेल्यावर प्राध्यापक माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. त्यांच्या बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकललाही गट असे फिरवता येतील का, वेळापत्रक मी मांडून देईन का, असं विचारत होते. मी लगेच पेन्सिल काढली.

त्या संध्याकाळी हॅरोला उतरले तेव्हा नवरा स्टेशनवर न्यायला आला होता. गाडीत बसल्या बसल्या मी त्याला सांगायला सुरुवात केली. वेळापत्रक मी बदललं, प्राध्यापकांना मी पटवलं, मॅनेजरला लॅबमध्ये मी आणलं. घर आलं तरी माझं संपलं नव्हतं. त्याने इंजिन बंद केलं, दाराकडे हात न नेता तसाच बसून राहिला आणि म्हणाला, "हं, मग? पुढे काय केलंस?"