कोळ्ळिडमच्या पाण्यावरून घरी

सासूबाई वारल्यावर त्यांचं घर रिकामं करायला आम्ही गेलो आणि बोट विकत घेऊन आलो, असं सांगितलं की कुंभकोणममधले लोक अजून हसतात. माझं समयांचं दुकान आहे. नाचियारकोविलला ओतलेल्या पितळी समया मी विकतो. पोहता मला येत नाही. अशा माणसाला बोट कशाला, हे विचारणाऱ्याचं काही चुकत नाही.

बोट हवी होती ती माझ्या बायकोला.

कोळ्ळिडम, म्हणजे कावेरीचीच उत्तरेकडची शाखा, समुद्राला मिळते तिथे, पळयारच्या बाजूला, मुखातल्या एका बेटावर तिचं लहानपण गेलं. तिचे वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. त्या सगळ्या कोळ्यांच्या गावात मराठी बोलणारं घर ते एकच. वरच्या वर्गांसाठी तिला रोज पाणी ओलांडून पलीकडे जावं लागे. लग्न होऊन ती आमच्या गल्लीत आली, जिथे दार उघडलं की समोर भांड्यांची दुकानं आणि मागे कावेरी. कावेरी म्हणजे वर्षातले निम्मे महिने नुसती वाळू. आमच्याकडे येऊन तिने घर सांभाळलं, मुलगा वाढवला, माझ्या जोडीने दुकानात बसली, एकादशीला गोविंदपुरमला भजनाला गेली. बेटाबद्दल ती फारसं बोलत नसे. मी समजत होतो की विसरली.

त्या दिवशी घराला कुलूप लावून आम्ही धक्क्यावर आलो. तिथे वाळूवर एक निळी फायबरची बोट तिरकी पडलेली होती. तिचा मालक, सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा, बाजूला बसून जाळं सोडवत होता. लहानपणी शाळेला जाताना हिला पलीकडे सोडणारा नावाडी तोच. डोळ्यांमुळे आता समुद्रात जाणं बंद झालं होतं आणि बोट विकायला काढली होती. ही त्याच्याशी काही वेळ बोलली. मग बोटीच्या काठावर हात ठेवून नुसती उभी राहिली. मी पलीकडच्या बसची वेळ झाल्याचं सांगितलं, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, ही घेऊ या."

"काय करायची?"

"ते माहीत नाही. पण घेऊ या."

लग्न झाल्यापासून तिने साडी मागितली असेल, मुलासाठी सायकल मागितली असेल. पण या आवाजात काही मागितल्याचं मला आठवेना. मी हो म्हणालो.

न्यायची कशी, यावर मात्र आमचं जमेना. मी ट्रक ठरवणार होतो. ती म्हणाली, "नदीनं न्यायची. बोट काय कपाट आहे, ट्रकवर घालायला?" म्हातारा हसला. म्हणाला, "पाप्पा बरोबर बोलते. वरून पाणी सुटलं की या. मी येतो बरोबर." पाप्पा म्हणजे तमिळमध्ये लहान मुलगी. माझ्या बायकोचे केस तेव्हा निम्मे पांढरे झालेले होते.

मेट्टूरचं धरण भरलं आणि कोळ्ळिडममध्ये पाणी सोडल्याची बातमी आली, तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. उजाडायच्या सुमारास निघालो. ती पुढे बसली, मी मधे, आणि मागे लांब दांड्याच्या डिझेल इंजिनाशी म्हातारा. तिने चिंचेचा भात आणि दहीभात डब्यांत भरून आणला होता. मी बरोबर छत्री घेतली होती. ती बघून म्हाताऱ्याने विचारलं, "मापिळ्ळैला भीती वाटते का?" मापिळ्ळै म्हणजे जावई. त्या गावाचा मी जावई आहे, हे इतक्या वर्षांत मला कुणी म्हणालं नव्हतं.

भरती लागलेली होती आणि समुद्र पाठीमागून आम्हाला आत ढकलत होता. दोन्ही काठांना मुळांवर उभी राहिलेली खारफुटीची दाट झाडी होती. हाताने दाखवत ती सांगू लागली: हे सुरपुन्नै, याच्या शेंगा अशा उभ्या पडतात आणि चिखलात रुततात, इथे बगळ्यांची वसाहत होती, या वळणावर ओदम् जोरात येतं, म्हणजे भरतीचं पाणी. ती मधेच तमिळ बोलायची, मधेच मराठी, आणि मराठीत आली की अडखळायची. आमची तंजावरकडची मराठी जुनी. पुण्याकडचे पाहुणे ती ऐकून पणजी आठवली म्हणतात. पण त्या जुन्या भाषेतही समुद्राचे शब्द नाहीत. आमचे पूर्वज घोड्यावरून आलेले, नंतर कचेऱ्यांत आणि देवळांत रमलेले. भरतीला काय म्हणायचं, हे आमच्या घरात कुणाला कधी लागलंच नाही. तेव्हा मला कळलं की ती विसरली नव्हती. तिचं सगळं लहानपण तमिळमध्ये घडलं होतं, तेही कोळ्यांच्या तमिळमध्ये, आणि घरात आम्ही एकमेकांशी बोलत होतो मराठीत.

थोड्या वेळाने तिने म्हाताऱ्याला म्हटलं, "सुक्कान मला द्या." हा शब्द मात्र मी ओळखला. आपलं सुकाणू. कुणी कुणाकडून घेतला, देव जाणे. म्हातारा उठला आणि ती मागे जाऊन बसली. पदर कमरेला खोचला, दांडा काखेत धरला आणि बोट किंचित डावीकडे घेऊन खोल पाण्याच्या पट्ट्यात आणली. मी तिच्याकडे तोंड करून बसलो होतो. वाऱ्याने तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते ती पुसत नव्हती. दुकानात गिऱ्हाईकांशी हिशोबी, मोजकं बोलणारी माझी बायको म्हाताऱ्याशी मोठ्याने, ओरडून बोलत होती, कारण इंजिनाच्या आवाजात तसंच बोलावं लागतं. ती हसली की तो आवाज मला अनोळखी वाटत होता.

मला थोडं दुःख झालं. तिला असं बघितलेली माणसं जगात होती आणि त्यांत मी नव्हतो. सोळा-सतरा वर्षांची, दप्तर पायांत धरून दांडा हातात मागणारी ती मुलगी मला एकदा बघायला हवी होती. मी बघितली ती नऊवारी नेसलेली, मान खाली घातलेली नवरी.

रेल्वेच्या पुलाखाली तिने बोट हळू केली, वाकून ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि थुंकून टाकलं. "अजून खारट," ती म्हणाली. "आधी पुलाच्या बरंच खाली, समुद्राच्या बाजूलाच गोडं लागायचं." म्हाताऱ्याने मान हलवली. "नदीत जोर राहिला नाही, पाप्पा. समुद्र दरवर्षी थोडा वर सरकतो."

पुलाच्या वर नदी फार रुंद झाली आणि उथळही. झाडी मागे पडली. दोन्हीकडे वाळूचे पांढरे दांडे, बोरू, आणि पाण्यात बसलेल्या म्हशी. एका ठिकाणी बोट वाळूत बसली. म्हातारा उतरायच्या आत ती उतरली, मग मीही धोतर वर घेऊन उतरलो. गुडघाभर पाणी होतं, पायाखालची वाळू सरकत होती. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी रेटून बोट सोडवली. ती सुटली, तशी मी पुढे पाण्यात तोंडावर पडलो. तिने दंडाला धरून मला उठवलं.

भिजलेल्या कपड्यांनी तिथेच वाळूवर बसून आम्ही भात खाल्ला. म्हातारा जेवून बोटीच्या सावलीत आडवा झाला. मी तिला विचारलं, "इतकी वर्षं एकदाही बोलली नाहीस, इथली आठवण येते म्हणून."

ती म्हणाली, "बोलून तुम्ही काय करणार होता? नदी घरी आणली असती?"

रागाने नव्हती बोलली. मग पुन्हा म्हणाली, "पहिल्या वर्षी फार यायची आठवण. रात्री आवाज नाही म्हणून झोप लागायची नाही. पुढे आई होती तोवर वाटायचं, जाऊ कधीही. आता तिकडे कुणी नाही. तेव्हा म्हटलं, काहीतरी आणावं."

ऊन कलल्यावर आम्ही अणैक्करैच्या अलीकडच्या नव्या बंधाऱ्यापाशी पोचलो. दारांतून पाणी फेसाळत पडत होतं. त्याच्या पुढे बोट जाणार नाही, हे तिघांनाही आधीपासून ठाऊक होतं. तिथून घरी न्यायला मी ट्रॅक्टरही सांगून ठेवला होता. तरी तिथे पोचल्यावर ती इंजिन बंद करून बराच वेळ बसून राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, फिरवा, परत जाऊ. ती तसं म्हणाली असती तर मी नाही म्हणालो नसतो.

शेवटी म्हातारा म्हणाला, "उतर, पाप्पा. अंधार पडेल." मग ती उतरली. गावातल्या माणसांनी हात लावून बोट ट्रॉलीवर चढवली. म्हाताऱ्याने जाताना बोटीला हात लावला नाही. हिच्या डोक्यावर ठेवला आणि बस पकडायला निघून गेला. पुढच्या पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास तो वारला. फोन आला तेव्हा ती दुकानात होती. समोरच्या गिऱ्हाइकाची समई कागदात गुंडाळून देऊन मगच ती आत गेली.

बोट आता आमच्या मागच्या घाटाशी असते. कावेरीला पाणी असतं ते महिने माझी बायको ती पाण्यात सोडते आणि दोन पुलांमधल्या तेवढ्या पट्ट्यात खाली-वर नेते. शेजारच्या बायका आधी हसल्या, मग एकेक जण बसायला येऊ लागली. पाणी तोडलं की बोट वाळूवर टेकते. तेव्हाही संध्याकाळी दुकान माझ्यावर सोपवून ती कधीकधी तिच्यात जाऊन बसते. पोरं भोवती क्रिकेट खेळत असतात. मी हाक मारत नाही. दुकान बंद करून खाली जातो आणि समोरच्या फळीवर बसतो.

आता ती बोलते. लागेल तो शब्द तमिळमधला घेते आणि पुढे जाते. परवा पौर्णिमा होती. ती देवळाच्या बाजूने वर येणाऱ्या चंद्राकडे बघून म्हणाली, "तिकडे आता धक्क्याच्या पायऱ्या बुडल्या असतील." मी त्या पायऱ्या भरतीत कधी पाहिलेल्या नाहीत. तरी किती बुडल्या असतील, असं मी तिला विचारलं, आणि ती सांगत राहिली.