फ्रेममधली फट

माझी सून नर्स आहे. तिच्या पांढऱ्या सलवारीला लागलेले सायकलच्या तेलाचे डाग मीच घासून काढते, म्हणून नवी सायकल बघायला मीही दुकानात गेले. तिला चेनऐवजी रबरी पट्ट्याची सायकल हवी होती, कारण पट्ट्याला तेल लागत नाही.

"ताई, ही लाल फ्रेम घ्या, शोभेल तुम्हाला," दुकानदार म्हणाला.

"मिरवायची नाही, ड्यूटीला जायचंय," म्हणत ती वाकली आणि मागच्या चाकाजवळची नळी चाचपली. "ही उघडतच नाही. पट्टा बसणार कसा?"

पट्टा अखंड असतो, हे मला तिथं कळलं. तो आत जावा म्हणून फ्रेमलाच एक उघडणारी फट ठेवतात. ज्यानं हे केलं तो डोकेबाज. काचेची बांगडीही अखंडच, पण तिच्यासाठी कासार बाईचा हात दाबतो. मी आयुष्यभर हातच दाबून घेतला, आणि सुनेनंही पहाटे माझा चहा करूनच ड्यूटीला निघायचं, असा नियम मीच केला.

तिनं फटीची राखाडी फ्रेम निवडली. "आई, दिसायला साधीच आहे ना?"

"चांगली आहे," मी म्हणाले. "आणि उद्यापासून वेळेवर निघ. चहा माझा मी करीन."